लॉकीच्या रस्त्यावर एव्हरेट

एव्हरेट लँगिल आमच्या बेटावरचा नव्हे. तो मुख्य भूमीवरच्या ट्रुरोचा. उभा जन्म त्यानं ट्रुरो ते हॅलिफॅक्स आणि हॅलिफॅक्स ते ट्रुरो अशी प्रवाशांची बस चालवण्यात घालवला. इस्त्रीचा शर्ट, पुसलेले बूट, बोलणं बेताचं. बस सुटायच्या आधी तो टायरांना एक फेरी मारायचा आणि प्रत्येकावर हात ठेवून पाहायचा, गोठ्यातल्या गाईंवर ठेवावा तसा. लग्न केलं नव्हतं. का, म्हणून विचारलं की म्हणायचा, राहून गेलं. आपल्याला कधी कुणाचा हेवा वाटला नाही असं तो सांगतो आणि ते खरं असावं. हेव्यासाठी आधी आपलं म्हणावं असं काहीतरी जवळ असावं लागतं.

ते त्याला साठीच्या उंबरठ्यावर मिळालं. इशबेल इंगोनिशची, माझी लहानपणापासूनची मैत्रीण. तिचा नवरा लॉकी बुकॅनन अंगणात लाकडं फोडता फोडता कोसळला आणि उठलाच नाही. मूलबाळ नव्हतं. वर्षभरानं ती घराला कुलूप लावून ट्रुरोला बहिणीकडे राहायला गेली. डोळ्यांच्या डॉक्टरसाठी तिला हॅलिफॅक्सला जावं लागायचं, तेव्हा ती एव्हरेटच्या बसमध्ये त्याच्या पाठच्या सीटवर बसायची. ती घरच्या ओटच्या वड्या त्याला द्यायची, तो आरशातून आभार मानायचा. असं पुष्कळ दिवस चाललं. निवृत्तीच्या आठवड्यात त्यानं तिला विचारलं, की उद्यापासून ही बस दुसरा कुणीतरी चालवणार, तर आपली भेट कशी व्हायची. इशबेल म्हणाली, घरी या. लग्न कचेरीत झालं, बहिणीशिवाय कुणी नव्हतं. आमच्याकडच्या कुणी त्याला पाहिलेलंसुद्धा नव्हतं, हे पुढचं समजायला लक्षात ठेवायला हवं.

लग्नानंतरच्या पहिल्याच ऑक्टोबरात, थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे आमच्याकडच्या सुगीच्या सणाच्या जोडसुट्टीत, बेटाच्या उत्तर टोकाला वळसा घालून जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्यानं फिरायचं त्यानं ठरवलं. तीन दिवस, दोघंच. मेपल लाल झालेले असतात, एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र. सगळं जग तो रस्ता बघायला येतं आणि आयुष्यभर गाडी चालवलेल्या एव्हरेटनं तो पाहिला नव्हता. मुक्कामाच्या खोल्या ठरवल्या, थर्मास घेतला, गाडी धुतली. जिनं उभी हयात त्याच रस्त्यावर काढली तिला आपण तो दाखवायला नेतोय, यात काही गंमत आहे हे त्याच्या ध्यानात आलं नाही. इशबेल खूश झाली. वाटेत एक-दोघांकडे थांबावं लागेल, एवढंच म्हणाली.

आता लॉकीबद्दल सांगते. लॉकी हिवाळ्यात सरकारची बर्फ काढायची गाडी चालवायचा. स्मोकीचा घाट आणि त्याच्या पलीकडचा नॉर्थ माउंटन, दोन्ही त्याच्याकडे. वादळ सुटलं की डॉक्टर, पाव, टपाल आणि प्रेत, सगळं लॉकीच्या गाडीमागून यायचं. आमच्या किनाऱ्यावर असं घर नाही ज्याला तो कधी ना कधी उपयोगी पडला नसेल. शिवाय माणूस बोलका, नकला करणारा. असा माणूस मेला की आणखी मोठा होतो.

सेंट अ‍ॅन्सच्या पंपावर पहिली ठेच लागली. पेट्रोल भरणाऱ्या म्हाताऱ्यानं खिडकीतून वाकून पाहिलं आणि म्हणाला, "अगं, तू लॉकीची इशबेल ना?" मग पेट्रोलची नळी तशीच धरून त्यानं सांगितलं, की त्याच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा लॉकीनं तिला आपल्या शेजारी बसवून बर्फातून घाट कसा उतरवला. पोराचं नाव लॉकीचंच पुरं नाव, लॉकलन, ठेवलंय, म्हणाला. एव्हरेटकडे पाहून त्यानं टोपीला हात लावला आणि विचारलं, "हे भाऊ का तुझे?"

इशबेलनं सांगितलं की नवरा. म्हातारा म्हणाला, "बरं झालं, बरं झालं," आणि पुन्हा लॉकीकडे वळला.

पुढं दुकानात तेच. चहाच्या टपरीत तेच. एक बाई तर इशबेलच्या गळ्यात पडून रडली. तिच्या आईची शवपेटी लॉकीनं आणली होती. एव्हरेट प्रत्येक ठिकाणी हात पुढं करायचा, लोक तो हातात घ्यायचे, आणि त्याच्याकडे पाहत पाहत त्यांच्या डोळ्यांत दुसराच माणूस यायचा. बाईच्या असल्या दुखण्याला सवतीमत्सर म्हणतात. पुरुषाला होतं तेव्हा त्याला नावसुद्धा नाही, त्यामुळे बिचाऱ्याला ते कुणाला सांगताही येत नाही.

स्मोकीचा घाट चढताना त्यानं गाडी खालच्या गिअरमध्ये घातली, दोन्ही हात चाकावर, नजर वळणावर. उजवीकडे खोल खाली समुद्र पसरलेला. आपण चांगली चालवतोय हे त्याला माहीत होतं. ती काहीतरी बोलेल म्हणून तो वाट पाहत होता. इशबेल बाहेर बघत म्हणाली, "लॉकी हे वळण एका हातानं घ्यायचा. दुसऱ्या हातात सँडविच." आणि हसली. त्या हसण्यात एव्हरेटचा काही वाटा नव्हता.

त्यानं नंतर मला सांगितलं, की इतर काहीही त्यानं सोसलं असतं. लॉकी देखणा होता, चालेल. नाचायचा छान, चालेल. पण गाडी चालवणं ही एकच गोष्ट एव्हरेटला येत होती आणि मेलेल्या माणसानं तीही त्याच्यासाठी शिल्लक ठेवली नव्हती.

इशबेलचं घर बंद, गारठलेलं, म्हणून इंगोनिशमध्ये त्यानं समुद्राकाठी खोली ठरवली होती. पण लॉकीचा धाकटा भाऊ मर्डक रस्त्यावरच उभा होता. पंपावरच्या म्हाताऱ्यानं फोन करून ठेवला होता. "वहिनी, माझं घर असताना तू पैसे देऊन झोपणार?" म्हणाला. एव्हरेटनं हळूच सांगून पाहिलं की खोली ठरलीय. इशबेल म्हणाली, मर्डकला वाईट वाटेल. झालं, राहिले तिथंच. मर्डक आदबीनं वागला, एव्हरेटला "पाहुणे, पाहुणे" करत राहिला. मासा वाढला, गरम पाव आणि काकवी वाढली. खिडकीजवळच्या खुर्चीत एव्हरेट बसायला गेला तेव्हा घरातली सगळी जणं क्षणभर गप्प झाली आणि मग मर्डक घाईनं म्हणाला, "बसा, बसा, पाहुणे. नुसती खुर्ची आहे." एव्हरेट बसला. ती खुर्ची त्याला रात्रभर टोचली. आणि इशबेल त्या घरात अशी वावरत होती, की चमच्यांचा खण न बघता उघडत होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. वारा होता, पण ऊन लख्ख. नील्स हार्बरला दोघांनी माशाचं दाट सूप घेतलं आणि तिथं सुदैवानं कुणी ओळखीचं भेटलं नाही. एव्हरेट खुलला. त्यानं तिच्यासाठी खडकावरून एक गुळगुळीत दगड उचलून आणला, तिनं तो कोटाच्या खिशात टाकला. पुढं दरीतला रस्ता, दोन्हीकडे पिवळा बर्च आणि लाल मेपल, मग नॉर्थ माउंटनची चढण. माथ्यावरून पलीकडे उतरताना रस्ता एकदम पोटात खड्डा पाडतो. एव्हरेटनं एक वळण जरा जोरात घेतलं. का घेतलं, ते त्यालाच माहीत. इशबेलनं समोरची फळी धरली आणि म्हणाली, "हळू रे. लॉकी म्हणायचा, या डोंगराला कधी—"

त्यानं गाडी बाजूला, समुद्र दिसतो त्या कठड्याजवळ घेतली आणि थांबवली.

"पुरं कर ना," तो म्हणाला. "काय म्हणायचा लॉकी?"

"काही नाही."

"कालपासून गाडी मी चालवतोय, इशबेल. आणि तू दुसऱ्याच्याच गाडीत बसलीयेस."

तिनं खिडकीची काच खाली केली. मग म्हणाली, की हा रस्ता तिनं पाहिला तो लॉकीबरोबर, मग त्यावर दुसऱ्या कुणाची आठवण कुठून आणू. एव्हरेट म्हणाला, निदान गप्प राहता येतं. तिनं दार उघडलं, खाली उतरली आणि त्याच्याकडे पाठ करून कठड्याशी उभी राहिली. कोट मागच्या सीटवरच होता.

आणि एव्हरेट लँगिल, ज्यानं उभ्या जन्मात एकही प्रवासी चुकीच्या थांब्यावर उतरवला नव्हता, तो बायकोला डोंगरावर सोडून निघून गेला.

पहिल्या वळणावर परतायचं त्याच्या मनात होतं. तिथं जागा नव्हती. दुसऱ्या वळणावर जागा होती, पण राग होता. असं करत तो पायथ्याला, प्लेझंट बेपर्यंत उतरला. नदीकाठी गाडी लावून थर्मासमधला चहा ओतला. कप तोंडाला लावला तेव्हा आरशात मागच्या सीटवरचा निळा कोट दिसला. चहा त्यानं तसाच गवतात ओतला आणि गाडी वळवली.

कठड्याशी कुणी नव्हतं.

त्यानं हाक मारली. मग वाकून खाली पाहिलं. खाली झाडांचे शेंडे आणि फार खाली पाणी. त्या वेळी खिशात फोन नसायचे. गाड्या थांबवून विचारलं, त्या सगळ्या फिरायला आलेल्या लांबच्या माणसांच्या, कुणी काही पाहिलं नव्हतं. पायथ्याकडून येताना ती दिसली नव्हती, म्हणजे कुणी नेली असेल तर डोंगराच्या अलीकडे. तो परत दरीत उतरला आणि पहिलं घर दिसलं तिथं दार वाजवलं.

म्हातारी आली. त्यानं विचारलं, माझी बायको पाहिलीत का, इशबेल लँगिल. म्हातारी म्हणाली, या दरीत लँगिल कुणी नाही. त्यानं सांगितलं, केस पांढरे, अंगात राखाडी स्वेटर. "अशा इथं निम्म्या आहेत, बाबा," असं म्हणून तिनं दार लोटलं.

दुसऱ्या घरी एक माणूस होडीला रंग देत होता. तोही लँगिल नावावर मान हलवत राहिला. पोलिसांना कळवा म्हणाला, आणि पुन्हा ब्रश बुडवला. एव्हरेट फाटकापर्यंत गेला, फाटकाला धरून उभा राहिला. मग परत आला आणि दोन दिवस जे नाव त्याला ऐकवत नव्हतं, ते त्यानं स्वतःच्या तोंडानं घेतलं.

"लॉकी बुकॅननची इशबेल," तो म्हणाला.

त्या माणसानं ब्रश खाली ठेवला. "आधीच नाही का सांगायचं? ती गावच्या हॉलवर आहे, जेवणाच्या तयारीत. आमच्या कॅलमनं ट्रकमधून आणली मघाशी. कुणा मूर्खानं तिला डोंगरावर सोडलं म्हणे." मग त्यानं एव्हरेटकडे नीट पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं. हॉलचा रस्ता मात्र त्यानं व्यवस्थित समजावून सांगितला.

हॉलच्या स्वयंपाकघरात मी होते. त्या दिवशी साऱ्या दरीचं थँक्सगिव्हिंगचं जेवण होतं, टर्की भट्टीत होत्या आणि आम्ही पाच-सहा जणी सलगम सोलत बसलो होतो. इशबेल आली ती थंडीनं निळी पडलेली. मी तिला चहा दिला, अंगावर माझी शाल टाकली आणि विचारलं. "नवऱ्याशी भांडले," एवढंच म्हणाली आणि सुरी मागितली. आमच्यातली एक जण पुटपुटली, लॉकीनं असं कधी केलं नसतं. इशबेलनं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं पुन्हा तोंड उघडलं नाही.

मग दारात हा उभा. इस्त्रीचा शर्ट घामानं भिजलेला, हातात निळा कोट, तान्ह्या मुलासारखा छातीशी धरलेला. मी त्याला प्रथम पाहिलं ते असं. आम्ही साऱ्या सुऱ्या थांबवून बघत राहिलो.

इशबेलनं मान वर केली नाही. "कोट खुंटीला लाव आणि हात धू," म्हणाली.

त्यानं हात धुतले. मी सरकून जागा दिली, सुरी दिली. बराच वेळ दोघं शेजारी शेजारी सोलत होती. तो फार जाड साल काढत होता, कुणी त्याला काही म्हटलं नाही. बाकीच्या एकेक करून काही ना काही निमित्तानं बाहेर गेल्या. मी भट्टीपाशी होते, मला हलता येत नव्हतं, आणि खरं तर हलायचंही नव्हतं.

तो म्हणाला, मी चुकलो. ती म्हणाली, हो. तो म्हणाला, कठड्यावरून खाली पाहिलं तेव्हा मला वाटलं... आणि त्यानं दुसरं सलगम उचललं.

"तुला काय हवंय ते मला कळतं, एव्हरेट," ती म्हणाली. "लॉकी वाईट होता, घरात त्रास द्यायचा, असं मी तुला कधीतरी सांगावं. तो तसा नव्हता. चांगला होता. तो असता तर मी तुझ्या बसकडे बघितलंही नसतं."

सुरी थांबली त्याची. मला वाटलं, आता हा उठून जाणार.

"मग मी काय करायचं?" त्यानं विचारलं.

"सलगम सोल," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "पण तो नाहीये. आणि तुझी बस यायच्या आदल्या दिवशी मी ओटच्या वड्या करत होते, त्या त्याच्यासाठी नव्हत्या."

जेवणाला तो थांबला. लोकांनी त्याला टर्की वाढली, भोपळ्याची गोड पाई दोनदा वाढली, आणि सगळ्या हॉलला काय झालं ते माहीत असल्यामुळे कुणी लॉकीचं नाव काढलं नाही. ती शांतता त्याला आणखी जड गेली असं तो म्हणतो. इशबेल त्याच्याशी दुसऱ्या दिवसापर्यंत जरुरीपुरतंच बोलली. एवढ्या लवकर माफ करणारी बाई ती नव्हे.

सोमवारी सकाळी तिनं किल्ली मागितली. एव्हरेटला कुणी शेजारच्या सीटवर बसवून नेल्याचं त्यालाच आठवत नव्हतं. तिनं नॉर्थ माउंटनची चढण घेतली, माथ्यावरून पलीकडे उतरली, त्या कठड्याजवळून गेली आणि थांबली नाही. पुढं शेटिकँपपर्यंत समुद्र उजवीकडे कधी जवळ येत होता, कधी खाली जात होता. ती वळणं एका हातानं घेत होती, सैल, आरामात, आणि गाडी कुठं हिसका खात नव्हती. हे तिला कुणी शिकवलं, ते विचारायची गरज नव्हती. एव्हरेट दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता आणि जळत होता. पण गाडी चालवणं त्याला कळत होतं, आणि खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं.

"छान चालवतेस," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

त्यानंतर दर ऑक्टोबरात ती दोघं यायची. मुक्काम मर्डककडे. मत्सर गेला असं मात्र कुणी समजू नये. तो एव्हरेटच्या अंगात संधिवातासारखा राहिला, हवा बदलली की उठायचा. फरक एवढाच, की लॉकीच्या गोष्टी निघाल्या की तो आता उठून बाहेर जात नसे, लक्ष देऊन ऐके. ऐकून ऐकून त्या त्याला आमच्यापेक्षा जास्त पाठ झाल्या. कुणी वाढवून सांगायला लागलं की तो मध्येच थांबवायचा, की त्या वर्षी एवढा बर्फ नव्हताच, पेट्रोलपंपवाल्याची सून पुढं बसली होती, मागं नव्हे. लॉकीच्या वाट्याला खऱ्यापेक्षा कणभर जास्त जाऊ द्यायचं नाही, हा त्याचा बाणा. मर्डक हसून हसून खिडकीजवळच्या खुर्चीत लोळायचा. ती खुर्ची आता एव्हरेटला मिळत नसे, मर्डक तीत आधीच बसून घ्यायचा.

इशबेल गेली ती एका मार्चमध्ये, फुप्फुसाच्या आजारानं. तेव्हा खरी अडचण उभी राहिली. आमच्याकडे नवरा गेला की थडग्याच्या दगडावर बायकोचंही नाव कोरून घेतात, फक्त शेवटचं साल मोकळं सोडतात. इंगोनिशच्या दफनभूमीत लॉकीच्या दगडावर इशबेलचं नाव केव्हाचं होतं. तिनं स्वतः मागं काही सांगून ठेवलं नव्हतं. लँगिलांची जागा तिकडे मुख्य भूमीवर आहे, एव्हरेटचे आईबाप तिथं आहेत. तो तिला तिकडे नेता तर कुणी त्याला बोल लावला नसता. मर्डकनं फोनवर तसं सांगितलंही, की पाहुणे, तुम्ही ठरवाल ते.

त्यानं तिला इंगोनिशला आणलं. शवपेटीच्या गाडीमागं त्याची गाडी, स्मोकीच्या घाटात बर्फ, दोन्ही हात चाकावर. लॉकीच्या शेजारी तिला ठेवली. पाद्री गेले, लोक पांगले, तेव्हा एव्हरेटनं मर्डकला बाजूला घेतलं आणि विचारलं, इशबेलच्या दुसऱ्या बाजूची जागा कुणाची. मर्डक म्हणाला, माझी. एव्हरेट म्हणाला, ती मला दे.

मर्डकला प्रथम कळलं नाही. मग म्हणाला, तुमची माणसं तिकडे आहेत, तुम्ही इथं आमच्यात काय करणार.

"तुझ्या भावावर माझा भरवसा नाही," एव्हरेट म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

मर्डकनं जागा दिली. एव्हरेट आता खूप म्हातारा झालाय, ट्रुरोतच असतो, गाडी चालवणं त्याला डॉक्टरांनी बंद केलंय, म्हणून कुणाच्या तरी शेजारी बसून उन्हाळ्यात येतो. इशबेलवरचं गवत कापतो, स्वतःच्या मोकळ्या जागेवरचंही कापतो. लॉकीच्या बाजूला वळत नाही. ते काम, म्हणतो, मर्डकचं आहे.